गाणं गाजलं, गायकाच्या हाती काय लागलं?

जुलै २०२४ मध्ये अरिजीत सिंह मुंबई उच्च न्यायालयात गेला. काही संकेतस्थळं त्याच्या आवाजाची यंत्रानं केलेली नक्कल पुरवत होती. कुठलंही गाणं द्यायचं, ते अरिजीतच्या आवाजात बाहेर पडणार. न्यायालयानं ते थांबवायला सांगितलं. पुढच्याच वर्षी आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयाकडून तसाच मनाई हुकूम मिळाला. बातम्या वाचून अनेकांनी मनाशी ठरवून टाकलं की आवाज हा गायकाच्या मालकीचा, हे आता पक्कं झालं. मग पुढचा प्रश्न ओघानंच येतो. आवाज त्यांचा आहे, तर इतकी वर्षं तो रेडिओवर, हॉटेलात, मोबाइलवर वाजतोय त्याचे पैसेही त्यांनाच मिळत असतील ना?

बहुतेक वेळा मिळालेले नाहीत. ते का, हे समजून घेतलं की मराठी मनोरंजनाच्या दुनियेतलं आणखी एक कोडं सुटतं. एकच माणूस आठवडाभर मालिकेत, शनिवार-रविवारी नाटकात, अधूनमधून सिनेमात आणि एखाद्या गाण्याच्या स्पर्धेत परीक्षकाच्या खुर्चीवर का दिसतो? आपण त्याला 'अष्टपैलू' म्हणून मोकळे होतो. तो असतोही. पण त्या पैलूंमागे पैशाचा एक रोखठोक हिशेब आहे, आणि तो आपल्याला कोणी सांगत नाही.

एका गाण्यात चार हक्क

कुठलंही ध्वनिमुद्रित गाणं घ्या. ऐकताना ते एक असतं, कायद्यात ते चार तुकड्यांचं आहे. शब्द गीतकाराचे. चाल संगीतकाराची. ध्वनिमुद्रण ज्यानं पदरचे पैसे घालून करवून घेतलं त्या निर्मात्याचं किंवा म्युझिक कंपनीचं. आणि चौथं सादरीकरण, म्हणजे गायकानं ते शब्द आणि ती चाल आपल्या गळ्यातून जशी काढली ते.

पहिल्या तिघांची दखल १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं सुरुवातीपासून घेतली. चौथा मात्र दाराबाहेरच उभा होता. गायक, नट, वादक, नर्तक यांच्या सादरीकरणाला कायद्यात जागा मिळाली ती १९९४ च्या दुरुस्तीत, तीही २५ वर्षांपुरती. १९९९ मध्ये ही मुदत ५० वर्षं झाली. गीतकार-संगीतकारांचा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. (सादर करणाऱ्यांची कायद्यातली यादी वाचण्यासारखी आहे. नट-गायकांच्या पंगतीला जादूगार, गारुडी आणि व्याख्यातेही बसवले आहेत.)

आता फक्त दोन शब्द पक्के करून घेऊ. काम केल्याबद्दल ठरवून मिळते ती रक्कम म्हणजे मानधन. तेच काम पुढे जितक्या वेळा वापरलं जाईल, त्या वापरामागे मिळणारा वाटा म्हणजे रॉयल्टी. घर बांधणाऱ्या गवंड्याला मजुरी मिळते. भिंती उभ्या राहिल्या की त्याचा त्या घराशी संबंध संपतो. भाडं मात्र घरमालकाच्या हातात दरमहा पडत राहतं. आपल्या चित्रपट आणि संगीताच्या धंद्यानं गायकाला आणि नटाला पिढ्यान्‌पिढ्या गवंडी धरलं. गीतकार-संगीतकार कागदोपत्री मालक होते, पण चित्रपटात त्यांचीही मालकी गेली. ती कशी, हे पुढे येईलच.

तोच गळा, वेगवेगळे रकाने

आधी एक उदाहरण पाहू. 'कट्यार काळजात घुसली' हे संगीत नाटक १९६७ साली आलं. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. २०१० मध्ये ते पुन्हा रंगमंचावर आलं, तेव्हा खाँसाहेब झाला वसंतरावांचा नातू राहुल देशपांडे आणि सदाशिव झाला महेश काळे. दोघंही गात होते आणि अभिनयही करत होते, संगीत नाटकाच्या जुन्या परंपरेप्रमाणे.

२०१५ मध्ये त्यावर चित्रपट निघाला. खाँसाहेब म्हणून पडद्यावर सचिन पिळगांवकर आले, सदाशिव म्हणून सुबोध भावे. आवाज मात्र राहुल आणि महेश यांचेच राहिले. महेश काळेला त्या गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि गंमत पाहा, एरवी संगीतकार आणि गायक असलेले शंकर महादेवन या चित्रपटात पंडितजींच्या भूमिकेत चक्क कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. पुढे २०२२ मध्ये वसंतरावांच्या जीवनावरच्या चित्रपटात राहुलनं आजोबांची भूमिका केली, गायलाही तोच, आणि पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यालाही मिळाला.

कोणाला किती पैसे मिळाले हा ज्याचा त्याचा खासगी मामला आहे. मी बोलतोय ते रकान्यांबद्दल. नाटकात गायक-नट प्रत्येक प्रयोगाला हजर असतो आणि त्याचं मानधन प्रयोगागणिक मिळतं. नाटकवाले त्याला 'नाइट' म्हणतात. चित्रपटासाठी गायला की तो पार्श्वगायक होतो. एकदा स्टुडिओत जायचं, गायचं, मानधन घ्यायचं. त्याच चित्रपटात भूमिका केली तर दिवसांच्या किंवा ठोक रकमेच्या हिशेबानं नटाचं मानधन. आणि चाल त्याचीच असेल तर मात्र तो संगीतकार म्हणून वेगळ्या रकान्यात जातो. हा एकच रकाना असा आहे जिथे रॉयल्टीचा हक्क आज भक्कम आहे. तीच बंदिश, तेच सूर. पण माणूस कुठल्या नात्यानं करारावर सही करतो, यावर सगळं ठरतं.

म्हणून अवधूत गुप्तेसारखा कलाकार गायक, संगीतकार, चित्रपट-दिग्दर्शक आणि टीव्हीवरचा सूत्रसंचालक अशा चार टोप्या घालतो तेव्हा कायद्याच्या दृष्टीनं ते चार वेगवेगळे इसम असतात. तरुण गायक हल्ली स्वतःच चाली का बांधायला लागले, याचं कलेतलं उत्तर काहीही असो, हिशेबातलं उत्तर हे आहे.

'सगळं निर्मात्याचं' हे कुठून आलं?

बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात नटनट्या स्टुडिओच्या पगारी नोकर असत. पुण्याच्या प्रभातमध्ये तीच रीत होती. पार्श्वगायन अजून रुळलेलं नव्हतं, त्यामुळे नटीनं अभिनय करायचा आणि स्वतःच गायचं. शांता आपटे ही तशी गाजलेली गायिका-नटी. १९३९ साली कराराच्या वादावरून तिनं प्रभातच्या फाटकासमोर उपोषण केलं. कंपनीच्या सर्वांत लोकप्रिय चेहऱ्यांपैकी एक फाटकाबाहेर उपाशी बसलाय, हे दृश्य त्या काळात केवढं खळबळजनक असेल! पुढच्याच वर्षी तिनं या धंद्याबद्दल पुस्तकही लिहिलं. मराठी चित्रपटाच्या इतिहासात तिच्या अभिनयाची जेवढी चर्चा होते, तेवढी या उपोषणाची होत नाही. व्हायला हवी.

पार्श्वगायन आलं आणि आवाज चेहऱ्यापासून वेगळा झाला. गायकाचं तर नावसुद्धा जाऊ लागलं. १९४९ च्या 'महल'मधलं लता मंगेशकरांनी गायलेलं गाणं देशभर गाजलं, पण तबकडीवर गायिका म्हणून नाव होतं 'कामिनी', म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं. नाव लागावं म्हणून भांडण, फिल्मफेअर पुरस्कारात पार्श्वगायनाला जागा असावी म्हणून भांडण, आणि मग १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉयल्टीसाठी भांडण, असा लताबाईंचा क्रम आहे.

या तिसऱ्या भांडणात त्यांच्या समोर उभे राहिले ते मोहम्मद रफी. रफींचं म्हणणं सरळ होतं. निर्मात्यानं गाण्याचे पैसे दिले, आपण घेतले, व्यवहार संपला. लताबाईंचं म्हणणं, तबकडी वर्षानुवर्षं विकली जाते, त्यातला वाटा गायकाला का नको? दोघांनी काही वर्षं एकत्र गाणी गायली नाहीत. रफींच्या बाजूला औदार्य होतं आणि निर्मात्यांबद्दल सहानुभूतीही होती. तरीही या वादात मला लताबाईंचं म्हणणं पटतं. रफींना कामाची ददात नव्हती. पण तो नियम ज्यांना वर्षाकाठी दोनच गाणी मिळत त्या गायकांनाही लागू होणार होता.

१९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था एका बाजूला आणि चित्रपट-निर्माते दुसऱ्या बाजूला. न्यायालयानं सांगितलं की निर्मात्यानं पैसे देऊन चित्रपटासाठी गाणं लिहून घेतलं आणि करारात वेगळं काही म्हटलं नसेल, तर हक्काचा पहिला मालक निर्माता. गीतकार-संगीतकारांची मालकी गेली ती अशी. त्याच निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आपली एक वेगळी टीप जोडली. श्रोत्यांना मोहून टाकतो तो गायकाचा आवाज, आणि आपला कायदा त्यालाच वगळतो, ही खंत त्यांनी त्यात नोंदवली. टिपेनं कायदा बदलत नाही. तो बदलायला आणखी पस्तीस वर्षं गेली.

२०१२ मध्ये काय बदललं?

जावेद अख्तर राज्यसभेत होते, त्यांनी हा विषय लावून धरला आणि २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. तिचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. गीतकार आणि संगीतकार आपला रॉयल्टीचा हक्क आता विकूही शकत नाहीत आणि सोडूनही देऊ शकत नाहीत.

हे विचित्र वाटेल. माझी वस्तू मला विकायची मोकळीक का नको? कारण नवख्या गीतकारासमोर छापील करार येतो तेव्हा त्याला खरं तर निवड नसते. 'सही कर, नाहीतर बाहेर रांग आहे.' कायद्यानं ती सहीच या मुद्द्यापुरती निष्प्रभ केली. हक्क राहील तो त्याच्याकडे, वारसांकडे किंवा त्याच्या वतीनं पैसे गोळा करणाऱ्या संस्थेकडे. एक अपवाद आहे. चित्रपटगृहात चित्रपट दाखवला जातो तेव्हा त्यातल्या गाण्यांची वेगळी रॉयल्टी नाही. थिएटरबाहेर, म्हणजे रेडिओ, टीव्ही, इंटरनेट, हॉटेल, कॉलर ट्यून अशा वापरात रॉयल्टीचा अर्धा वाटा गीतकार-संगीतकारांचा.

निर्माते आणि म्युझिक कंपन्या हे मुकाट्यानं मान्य करतील अशी अपेक्षा नव्हतीच. गाणी वाजवणाऱ्या खासगी रेडिओ वाहिन्याही अडून बसल्या. त्यांचं म्हणणं होतं की आम्ही ध्वनिमुद्रणाचे पैसे देतो, त्यातल्या शब्द-चालीचे पुन्हा वेगळे का द्यायचे? एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आयपीआरएसच्या बाजूनं आदेश दिला आणि वेगळे द्यावे लागतील असं सांगितलं. दुरुस्तीनंतर अकरा वर्षांनी! (ज्यांच्या घरी लग्न ठरलंय त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. लग्नसमारंभात गाणी वाजवायला परवाना लागत नाही. कायद्यातच तशी सूट आहे आणि जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारनं ती पुन्हा जाहीरपणे स्पष्ट केली.)

गायक-नटांसाठी याच दुरुस्तीत वेगळं कलम आलं. त्याआधी चित्रपटात काम करायला एकदा होकार दिला की सादरीकरणाचा हक्कच संपत असे. आता निर्मात्याला वापर करू द्यायचा, पण सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला तर रॉयल्टीचा हक्क शिल्लक राहतो. आपलं नाव लागावं आणि कामाची मोडतोड होऊ नये, हे हक्कही मिळाले. 'कामिनी'चा हिशेब असा साठेक वर्षांनी चुकता झाला म्हणायचा. गर्दीत दिसणारे, श्रेयनामावलीत नाव नसलेले कलाकार मात्र यातून जवळजवळ वगळले गेले. त्यांना मिळाला तो फक्त मोडतोडीविरुद्धचा हक्क.

गायकांनी २०१३ मध्ये आपली संस्था उभी केली. लताबाई त्यात होत्या. पुढे वादकही तिच्यात आले. हॉटेल-बारमध्ये वाजणाऱ्या गाण्यांवरून ही संस्था दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि २०१६ मध्ये तिच्या बाजूनं आदेश झाले. म्युझिक कंपन्यांच्या संघटनेशी समझोता व्हायला २०२३ उजाडलं. म्हणजे गायकांची रॉयल्टी ही या देशात अगदी कालपरवाची गोष्ट आहे.

गायक स्वतःचं गाणं गाऊ शकतो का?

गाऊ शकतो, पण त्यात एक मेख आहे. समजा एखाद्या गायिकेनं एका चित्रपटासाठी गायलेलं गाणं तुफान चाललं. ती गावोगाव कार्यक्रम करते, प्रत्येक ठिकाणी फर्माईश त्याच गाण्याची. आयोजकानं गाण्यांचा परवाना काढायचा असतो आणि त्याचे पैसे जातात शब्द आणि चाल यांच्या हक्कदारांकडे. गायिकेला मिळतं ते कार्यक्रमाचं मानधन. इथपर्यंत ठीक.

आता तिनं तेच गाणं तबला-पेटीवर नव्यानं गाऊन आपल्या यूट्यूब चॅनेलवर टाकलं. आवाज तिचा, मुद्रण तिचं. पण शब्द-चालीचे हक्क कंपनीकडे असल्यानं कंपनी त्या व्हिडिओवर दावा लावू शकते आणि जाहिरातींचं उत्पन्न स्वतःकडे वळवू शकते. हा दावा बहुधा माणूसही लावत नाही. यूट्यूबची यंत्रणा सूर ओळखून आपोआप लावते. लोकांच्या मनात ते गाणं 'तिचं' असतं, कागदावर ते तिचं कधीच नव्हतं. घर बांधणाऱ्यानं त्याच घरात राहायचं म्हटलं तर भाडं पडणारच.

मालिका रोज दिसते, पैसे रोज मिळतात का?

टीव्हीचा हिशेब आणखी वेगळा आहे. मालिकेतल्या नटाचा दर साधारणपणे दिवसावर ठरतो. महिन्याला अमुक दिवस काम मिळेल अशी हमी कधी करारात असते, कधी नसते. पाळी बारा तासांची, आणि ती लांबते तेव्हा लांबते. पैसे हातात पडायला तीन महिने लागणं हा या धंद्यातला रिवाज आहे. म्हणजे गणपतीत केलेल्या कामाचे पैसे दिवाळी उलटल्यावर. मुंबईत भाड्यानं राहणाऱ्या नव्या मुलामुलींना पहिले तीन महिने काढणं हीच खरी ऑडिशन असते.

शिवाय मालिका निर्मितीसंस्थेचीही नसते. संस्था ती बनवून देते, हक्क बहुतेक वाहिनीकडे. दुपारी पुनःप्रक्षेपण, वाहिनीच्या ॲपवर कधीही, दुसऱ्या भाषेत डब करून, यांपैकी कशाचाही वाटा नटाकडे येईल असं कलम त्याच्या करारात सहसा नसतं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हे उघड्यावर आलं. चित्रीकरण थांबलं. वाहिन्यांनी जुने भाग, जुन्या मालिका लावल्या. दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा दाखवलं आणि अख्खा देश त्यासमोर बसला. तेव्हा दिवसावर पैसे घेणारा नट रोज संध्याकाळी घराघरांत दिसत होता आणि स्वतः घरी बिनपगारी बसला होता. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात पुन्हा चित्रीकरण बंद झालं तेव्हा मराठी मालिकांनी आपली बाडबिस्तरं उचलून गोवा गाठलं, ते काही हौसेनं नाही. चित्रीकरणाचा दिवस नाही तर उत्पन्नही नाही.

सगळीकडे असंच असतं असं मात्र नाही. अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेनं १९६० मध्ये संप करून टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांमागे वाटा मिळवला. २०२३ मध्ये त्याच संघटनेचा संप ११८ दिवस चालला. मुद्दे होते ओटीटीवरच्या वापराचा मोबदला आणि संगणकानं केलेली नटाची प्रतिकृती. आपल्याकडे २०१२ च्या कलमात नटही येतात, पण नटांसाठी ते वाक्य अजून बहुतांशी कागदावरच आहे.

म्हणून तो सगळीकडे दिसतो

आता सुरुवातीचं कोडं पुन्हा घेऊ. वापरामागे पैसे मिळत नसतील तर पैसे मिळवण्याचा एकच मार्ग उरतो, पुन्हा पुन्हा स्वतः हजर राहणं. प्रशांत दामले यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये नाटकाचा १२,५०० वा प्रयोग केला. अभिनय, गाणं, टीव्हीवरचा खवय्यांचा कार्यक्रम, चित्रपट, सगळं त्यांनी केलं. पण तो आकडा नाटकाचा आहे. म्हणजे तितक्या वेळा एक माणूस प्रत्यक्ष विंगेत उभा राहिला.

मराठी कलाकाराच्या बाबतीत ही माध्यमं एकमेकांना टेकू देतात. टीव्ही ओळख देतो आणि (तीन महिन्यांनी का होईना) घर चालवतो. त्या ओळखीवर नाटकाची तिकिटं खपतात. जाहिरातीत नटाच्या नावाखाली मालिकेतल्या पात्राचं नाव छापतात ते उगीच नाही. एखादी संस्था ठोक रक्कम देऊन आख्खा प्रयोग विकत घेते, तो 'कॉन्ट्रॅक्ट शो', तिथेही आधी विचारतात की मालिकेतलं कोण आहे. दहीहंडीला, दुकानाच्या उद्घाटनाला जायचे पैसे म्हणजे 'सुपारी'. ती रोख आणि लगेच मिळते, आणि एका संध्याकाळच्या सुपारीचा दर काही वेळा मालिकेतल्या कितीतरी दिवसांच्या बरोबरीचा असतो. मराठी सिनेमा पैशापेक्षा प्रतिष्ठा देतो, आणि प्रतिष्ठेमुळे बाकी सगळीकडचे दर वाढतात.

गायकांचंही तेच. २००८-०९ च्या 'लिटिल चॅम्प्स'मधली पाच मुलं महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचली. त्या पर्वानं त्यांना नाव दिलं, आणि त्या नावावर पुढे मंचावरचे कार्यक्रम उभे राहिले. त्यांतल्या आर्या आंबेकरनं २०१७ मध्ये चित्रपटात नायिकेची भूमिका केली. २०२१ च्या पर्वात तीच पाच जणं परीक्षकांच्या खुर्च्यांवर होती.

इथे आपल्याच घरातली एक गोष्ट विसरली जाते. मराठी व्यावसायिक रंगभूमीवर नाटककाराला प्रत्येक प्रयोगामागे मानधन देण्याची पद्धत जुनी आहे. नाटक चाललं तर लेखकाला मिळत राहतं, बंद पडलं तर थांबतं. वापरामागे वाटा ही कल्पना आपल्याला कोणी परदेशातून आणून द्यायची गरज नव्हती. ती शिवाजी मंदिरच्या हिशेबाच्या वहीत होती. तीच सिनेमा आणि टीव्हीच्या करारांत मात्र आली नाही.

एकदा पैसे घेतले ना, मग पुन्हा कशाला?

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. सुताराला आपण प्रत्येक वेळी खुर्चीवर बसताना पैसे देतो का? नाही. पण खुर्ची एकदा विकली की सुताराला दुसरी बनवून विकता येते आणि विकत घेणाऱ्याला एका खुर्चीच्या लाख प्रती काढता येत नाहीत. गाण्याच्या काढता येतात. शिवाय स्टुडिओत मानधन ठरतं तेव्हा गाणं चालेल की पडेल हे कोणालाच माहीत नसतं. त्या घटकेला लावलेली किंमत पन्नास वर्षांच्या वापराची असूच शकत नाही.

निर्मात्यांचा आक्षेप यापेक्षा वजनदार आहे. सिनेमा पडला तर घर गहाण आमचं, कलाकार काही मानधन परत करत नाही. मग नफ्यात वाटा का? मराठी निर्मात्यांच्या बाबतीत हे घर गहाण पडणं अक्षरशः खरं असतं. पण रॉयल्टी वापर झाला तरच निघते. पडलेल्या सिनेमाची गाणी कोणी वाजवत नाही, तिथे कलाकारालाही शून्यच. उलट सुरुवातीचं मानधन कमी आणि पुढचा वाटा जास्त असा करार केला तर निर्मात्याची जोखीम हलकी होते. काही मोठे हिंदी नट असंच करतात. मधल्या फळीतला नट ते मागू शकत नाही, कारण हिशेबाची वही त्याला कोणी दाखवणार नाही.

आणि 'हे लोक कोटी कोटी घेतात' हा आक्षेप? घेतात, दहा-पंधरा जण. रॉयल्टीचा कायदा त्यांच्यासाठी नाहीच. त्यांना वाटाघाटी करता येतात.

आवाजाच्या नकलेचं काय?

आता पुन्हा अरिजीत आणि आशाताईंच्या प्रकरणांकडे येऊ. एक बारकावा बातम्यांत हरवला. आवाजावर, म्हणजे गळ्याच्या जातीवर, कॉपीराइट नसतो. तो असतो मुद्रित झालेल्या विशिष्ट सादरीकरणावर. यंत्रानं तुमच्या आवाजात तुम्ही कधीच न गायलेलं गाणं तयार केलं तर कुठलं सादरीकरण चोरलं? म्हणून न्यायालयांनी वेगळ्या तत्त्वाचा आधार घेतला. माणसाचं नाव, चेहरा, आवाज ही त्याची ओळख आहे आणि तिचा व्यापारी वापर त्याच्या संमतीशिवाय करता येणार नाही. यासाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. खटल्यागणिक आदेश मिळत गेले आणि त्यातून हा हक्क आकाराला येतोय.

अडचण अशी की या संरक्षणासाठी आधी प्रसिद्ध असावं लागतं, आणि उच्च न्यायालयात वकील उभा करण्याइतके पैसे असावे लागतात. डबिंग करणारे, कोरसमध्ये गाणारे, जाहिरातींना आवाज देणारे कलाकार यांपैकी कशातच बसत नाहीत. त्यांचा आवाज कोणी चोरायचीही गरज नाही. तो करारातूनच रीतसर घेता येतो. 'सध्या अस्तित्वात असलेल्या व भविष्यात येणाऱ्या सर्व माध्यमांत' हे शब्द छापील करारांत नेहमीचे आहेत, आणि त्यात आता प्रतिकृती तयार करण्याची परवानगीही घुसवली जाऊ शकते.

इथे २०१२ च्या दुरुस्तीतली एक तरतूद उपयोगी पडते. करार झाला तेव्हा जे माध्यम किंवा वापराची जी पद्धत अस्तित्वातच नव्हती, तिचे हक्क त्या करारानं आपोआप जात नाहीत, तिचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय. ही तरतूद सादरीकरणाच्या हक्कांनाही लावली आहे. 'भविष्यातील सर्व' हा स्पष्ट उल्लेख धरायचा का, यावर वकील भांडू शकतात आणि भांडतीलच. तसंच, हक्क किती काळासाठी दिले हे करारात लिहिलं नसेल तर कायदा ते पाच वर्षं धरतो. कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर भारतापुरतं. अर्थात ज्यानं करार छापून आणलेला असतो, त्यानं या दोन जागा कधीच रिकाम्या ठेवलेल्या नसतात.